तंजावरची मराठी

तंजावरला गेलेला मराठी माणूस बृहदीश्वराचे शिखर पाहून थक्क होतो. पण आपल्याला खरी गंमत वाटावी ती देवळाच्या भिंतीवर. चोळ राजाने हजार वर्षांपूर्वी उभारलेल्या या मंदिरात सरफोजीराजांनी १८०३ साली भोसलेकुळीचा इतिहास चक्क मराठीत कोरून ठेवला. व्यंकोजीराजांनी स्थापलेले हे राज्य १८५५ साली इंग्रजांनी खालसा केले. राज्य गेले, माणसे राहिली.

बाजारात तमिळ, स्वयंपाकघरात मराठी, असा त्यांचा संसार. शब्द तमिळात मुरलेले, हेल दक्षिणी. मी मराठीचा मास्तर. पण या बोलीला अशुद्ध म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

१९५६ साली भाषावार प्रांत झाले, १९६० साली आपला महाराष्ट्र झाला. झाले ते योग्यच झाले. पण नकाशावरची रेघ माजघरातून जात नाही. तंजावरकर होण्यासाठी या मंडळींना मराठी सोडावी लागली नाही आणि भारतीय होण्यासाठी तर दोन्हींपैकी काहीच नाही. आता मात्र त्यांच्या नातवंडांच्या तोंडची मराठी ओसरते आहे. तिकडे जाल तेव्हा, वाचकहो, शिखर पाहाच. पण एखाद्या आजीबाईंशी चार शब्द बोलूनही या. व्याकरण मात्र घरीच ठेवा!