वाकडे त्रिकोण

एका सुटीत त्रिकोणी घड्यांचा कागदी हंस करायला शिकले, तेव्हा एवढी मोठी वस्तू गोंदाशिवाय उभी राहते हे मला पटतच नव्हतं. ए-फोर कागदाचे बत्तीस सारखे तुकडे करायचे, साधारण ३७ बाय ५२ मिलिमीटरचे. एका तुकड्याची घडी घातली की छोटा त्रिकोण होतो. त्याला दोन टोकं आणि दोन खाचा. शेजारच्या दोन त्रिकोणांचं एकेक टोक वरच्या त्रिकोणाच्या खाचांत बसतं. घडी उलगडू पाहते, खाच तिला दाबून धरते, आणि त्या ताणावरच सगळं उभं राहतं.

माझा त्या ताणावर विश्वास नव्हता. पहिल्या तीन ओळींचं सपाट कडं झाल्यावर मी प्रत्येक जोडाला गोंद लावला. पुढे ते कडं दोन्ही हातांनी दाबून वाडग्यासारखं वळवायचं असतं आणि तेव्हा त्रिकोण एकमेकांवर किंचित सरकावे लागतात. माझे सरकेनात. जोर लावला, तर कडं फाटलं.

कागदाचं नुकसान भरून निघालं. त्याच सुटीत भाची माझ्याशेजारी बसून त्रिकोण करत होती. तिच्या घड्यांचे कोपरे बाहेर डोकवायचे. रात्री ती झोपली की मी तिचे त्रिकोण वेचून काढायची आणि त्यांच्या जागी माझे ठेवायची. एका सकाळी तिला आपला पिवळा कागद केराच्या डब्यात दिसला.

"मावशी, हे मी केलेले ना?"

"थोडे वाकडे होते गं," मी म्हणाले.

ती पुन्हा घड्या घालायला बसली नाही. पुढे मी तिची माफी मागितली, तरीही नाही.

'गोल्डन व्हेंचर' जहाजाची हकिगत मी नंतर वाचली. १९९३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर रुतलं. त्यातून आलेल्या चिनी स्थलांतरितांपैकी अनेकांना पेन्सिल्व्हेनियातल्या यॉर्कच्या तुरुंगात ठेवलं होतं. शेवटचे १९९७ मध्ये सुटले. त्या काळात मिळेल त्या कागदाचे त्रिकोण करून त्यांनी मिळून पक्षी घडवले आणि मदत करणाऱ्यांना भेट दिले. अमेरिकेत या घडीकामाला त्या जहाजाचंच नाव पडलं. वाचताना मला तो केराचा डबा आठवत राहिला. कागद जपून वापरणाऱ्या त्या माणसांनी कोपरा बाहेर आला म्हणून त्रिकोण टाकून दिले नसते.

टाकायची गरजही नसते. हंसाच्या अंगात थोडा वाकडा त्रिकोण शेजाऱ्यांच्या दाबाने सरळ होतो. मानेत मात्र एकावर एक अशी एकेरीच ओळ असते, तिथे नेटके त्रिकोण लागतात. आता शेजारची मुलं येतात, तेव्हा त्यांनी केलेला प्रत्येक त्रिकोण त्यांच्यासमोरच लावला जातो. मानेचे कोणते, तेही मी त्यांनाच निवडू देते.