बूमला टेकू

आज होडीच्या बूमसाठी, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या काठीसाठी, टेकू केला. सागवानाच्या दोन पट्ट्या, कैचीसारख्या, मधोमध एक बोल्ट. वरच्या खाचेत चामडं ठोकलं, म्हणजे लाकूड लाकडाला घासणार नाही.

शीड चढलेलं असतं तोवर बूमला तेच पेलून धरतं. शीड चढवायचा दोर सैल केला की बूमचं मागचं टोक धाडकन खाली येतं, आणि नेमकं तिथेच सुकाणूवाल्याचं डोकं असतं! म्हणून नुसत्या टेकूवर माझं समाधान नाही. डोलकाठीच्या शेंड्यावरून बूमच्या टोकाला एक बारीक दोर हवाच. त्याला टॉपिंग लिफ्ट म्हणतात. शीड उतरवण्याआधी तो ताणायचा, चढवल्यावर ढिला सोडायचा. ताणलेलाच राहिला तर शिडाची मागची कड सैल पडते आणि होडी वाऱ्याच्या रोखाने नीट चढत नाही.

  

तुम्हीही होडी बांधत असाल, तर डोलकाठी उभी करण्याआधीच शेंड्याला या दोराची कप्पी बसवून घ्या.