ओळंबा आणि रायफल

पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगच्या पाठोपाठ रायफलने हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो. पूर्वी तो सोमवारी सुरू व्हायचा आणि बऱ्याच शाळांना चक्क सुट्टी असायची! २०१९ पासून तो शनिवारवर आला.

मी पक्का शाकाहारी. बंदूक धरली ती जत्रेत फुगे फोडायला, तेवढीच. पण शेजारचे आजोबा रायफलवर नवा स्कोप (म्हणजे दुर्बीण हो) बसवत होते, त्यांना एका जोडीदार हाताची गरज होती, म्हणून गेलो. चार-सहा स्क्रू पिळायचे काम. त्याला अख्खी दुपार लागली.

आधी रायफल रिकामी आहे ना ते दोनदा पाहिलं आणि बोल्ट काढून बाजूला ठेवला. मग स्कोप कड्यांमध्ये सैलसर ठेवला. आजोबांनी घरात, हीटर चालू असताना, जाडजूड कोट चढवला! शिकारीच्या दिवशी अंगात तोच असणार आणि त्याच्या जाडीने डोळा मागे सरकतो. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, मग उघडायचे. काळी कड न दिसता पूर्ण गोल दिसला पाहिजे. डोळा आणि काच यांत साधारण तीन-चार इंच हवेत. कमी पडले तर गोळी सुटताना स्कोप मागे येऊन भुवई फोडतो.

नंतर त्यांनी खिडकीत दोरीला वजन बांधून लटकवलं. अहो, हा तर आपल्या गवंड्याचा ओळंबा! रायफल लेव्हलमध्ये धरायची आणि आतल्या फुलीची उभी रेघ दोरीशी जुळेपर्यंत स्कोप फिरवायचा. रेघ तिरकी राहिली तर जवळ कळत नाही, पण लांबच्या नेमाला गोळी बाजूला जाते. शेवटी स्क्रू. समोरासमोरचे, थोडे थोडे, दोन्हीकडची फट सारखी ठेवत. जास्त आवळले तर स्कोपची नळी चेपते, सैल राहिले तर धक्क्याने तो सरकतो.

दुसऱ्या दिवशी रेंजवर आधी २५ यार्ड, मग १०० यार्ड. तीन गोळ्या झाडायच्या, त्यांचा मध्य पाहायचा आणि मगच चकती फिरवायची. १०० यार्डांवर एक क्लिक म्हणजे पाव इंच.

मी विचारलं, एवढं कशाला? ते म्हणाले, "माझा नेम चुकला तर मी घरी येऊन जेवतो. हरीण पोटात गोळी घेऊन रात्रभर जंगलात फिरतं."

यावर मला काही बोलता आलं नाही. हरीण मारावं की नाही, यावर आमचं एकमत होणार नाही, पण ज्याला मारायचं त्याचे हाल होऊ नयेत म्हणून एक माणूस दोन दिवस घालवतो, हे मी जवळून पाहिलं. मांस न खाणाऱ्या मलाही त्यांच्याबद्दल आदर वाटला, आणि तो कुठे ठेवावा हे अजून कळलेलं नाही.

असो. आई, तू हे वाचत असशीलच. काळजी करू नकोस, आपल्याकडे आज वांग्याचं भरीत आहे!