टॉल्कीनचं युद्ध कुठं वाचावं

जे. आर. आर. टॉल्कीनच्या लेखनात पहिलं महायुद्ध शोधणारे वाचक बहुतेक वेळा लढायांची वर्णनं चाळतात. माझ्या मते ते तिथं सर्वांत कमी आहे. मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादामुळे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मराठीतही आलं. ते संपवणाऱ्याला मी आधी जॉन गार्थचं ‘टॉल्कीन अँड द ग्रेट वॉर’ (2003) सुचवेन. हम्फ्री कार्पेंटरच्या 1977च्या चरित्रात सगळं आयुष्य आहे, पण युद्धाचा भाग थोडक्यात आटोपतो. गार्थ शाळेतल्या चार मित्रांना धरून चालतो. रॉब गिल्सन 1 जुलै 1916 रोजी, सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी मारला गेला. जेफ्री स्मिथ डिसेंबरात जखमांनी गेला. उरले नौदलातला क्रिस्टोफर वाइजमन आणि लँकेशायर फ्युझिलियर्समध्ये संदेशवहन अधिकारी असलेला टॉल्कीन. त्यालाही उवांमुळे पसरणाऱ्या तापानं नोव्हेंबरात मायदेशी पोचवलं होतं. या आजारपणाच्या काळात लिहिलेल्या गोंडोलिनच्या कथेत पोटात सैनिक वाहून नेणारे लोखंडी सर्प येतात. रणगाडे सोमवर पहिल्यांदा उतरले ते त्याच सप्टेंबरात.

यावर आक्षेप येतो, आणि तो खुद्द लेखकाचा आहे: आपली कथा रूपक नाही, असं त्यानं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या प्रस्तावनेत ठणकावलंय. ते मी मानतो. पण तिथंच तो हेही सांगतो की 1918पर्यंत एक सोडून त्याचे सगळे जिवलग मित्र गेले होते. म्हणून 1981 साली प्रसिद्ध झालेली त्याची पत्रं गार्थनंतर वाचावीत. त्या कथेतल्या प्रेतांच्या दलदलीवर सोमनंतरच्या उत्तर फ्रान्सचं थोडं ऋण आहे, असं तो एका पत्रात कबूल करतो. लगेच विल्यम मॉरिसचं ऋण त्याहून मोठं ठरवतो. रूपक नाकारणं वेगळं आणि अनुभव नाकारणं वेगळं. कथानायक फ्रोडोची जखम दरवर्षी 6 ऑक्टोबरला पुन्हा ठणकते आणि जिंकून घरी आल्यावरही घर त्याला लाभत नाही. मला युद्ध दिसतं ते इथं.

पुण्याजवळच्या पुनावळ्यातल्या वाचकाला हे दूरचं वाटायचं कारण नाही. देहूरोडची लष्करी छावणी शेजारीच आहे, आणि त्याच 1916च्या एप्रिलमध्ये इराकातल्या कूत इथं शरण गेलेल्या फौजेत मराठा पलटणीही होत्या. गार्थच्या जोडीला कॅप्टन गो. गं. लिमये यांचं ‘सैन्यातील आठवणी’ जरूर ठेवावं: त्याच महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून गेलेल्या मराठी कथाकाराचं ते पुस्तक आहे.