लहान क्रियापदांचा मुलूख

परभाषेच्या अध्ययनात एक अवस्था अशी येते, की व्याकरणाचे नियम मुखोद्गत झालेले असतात, बर्कची भाषणे आणि मिल्टनचे महाकाव्य वाचून झालेले असते, न्यायनिवाड्यांतील लांबलचक लॅटिनसंभव शब्दही लेखणीतून विनासायास उतरू लागलेले असतात, आणि तरीही इंग्लंडातील एखादी माता आपल्या लेकराला जे तीन इवल्याशा शब्दांत सांगते, त्यापाशी येऊन आपली सारी विद्वत्ता थबकते. 'पुट' म्हणजे ठेवणे, 'अप' म्हणजे वर आणि 'विथ' म्हणजे सह, एवढे पाठ असलेल्या विद्यार्थ्याने 'पुट अप विथ' म्हणजे निमूटपणे सोसणे, या अर्थापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचावे, हे कोणतेही व्याकरण त्याला सांगत नाही.

परंतु याच दुर्गम वाटेवर इंग्रजी भाषेचे अत्यंत मनोहर दर्शन घडते. 'लुक' म्हणजे पाहणे, हे साधे क्रियापद घ्या. त्याच्यापुढे 'आफ्टर' आले, की त्या पाहण्यात आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाची माया येते. 'इन्टू' आले, की तेच पाहणे प्रकरणाची चौकशी करणाऱ्या अंमलदाराचे होते. 'डाउन ऑन' आले, की त्यात धनिकाचा तुच्छताभाव, 'अप टू' आले, की शिष्याची श्रद्धा, आणि 'फॉरवर्ड टू' आले, की सुटीकडे डोळे लावून बसलेल्या बालकाची उत्कंठा उमटते. 'गिव्ह' या दानवाचक क्रियापदाचेही तसेच: 'गिव्ह अप' म्हणजे नाद सोडणे, 'गिव्ह इन' म्हणजे नमते घेणे, 'गिव्ह अवे' म्हणजे गुपित फोडणे. आपल्या संस्कृतात 'हृ' या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार आणि संहार निर्माण करणारे उपसर्ग धातूच्या आधी येऊन त्याच्याशी एकजीव होतात. इंग्रजीतील 'अप', 'इन' यांसारखे निपात मात्र क्रियापदाच्या मागाहून येतात, पुष्कळदा कर्माला वाट देऊन वाक्याच्या शेवटी जाऊन उभे राहतात, आणि तेथूनही अर्थावरील आपली हुकमत सोडत नाहीत.

डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 साली आपला कोश प्रसिद्ध केला, तेव्हा परकीयांना याच रचनेची सर्वाधिक अडचण पडते, हे प्रस्तावनेत नमूद करून असे प्रयोग आपण विशेष काळजीने टिपल्याचे त्यांनी सांगितले होते. पुढे 1930 साली इंग्रज भाषाविद ऑग्डेन यांनी परकीयांसाठी सोप्या केलेल्या इंग्रजीची, 'बेसिक इंग्लिश'ची, योजना मांडली. तीत शब्द 850 आणि क्रियापदे अवघी 18. प्रवेश करण्यासाठी 'गो इन', त्याग करण्यासाठी 'गिव्ह अप', अशी त्या अठरांकडून सर्व कामे करून घ्यावयाची होती. शब्दांची खानेसुमारी अशी आटोपशीर झाली खरी. परंतु प्रत्येक जोडीचा अर्थ निराळा शिकणे भागच राहिले, आणि यादीतून वजा केलेला भार विद्यार्थ्याच्या माथ्यावर दुसऱ्या वाटेने येऊन बसला.

आम्हांला हा प्रांत विशेष अवघड वाटतो, याचे कारण आमच्या इतिहासात आहे. इंग्रजी आमच्याकडे कचेरीच्या दरवाजाने आली. अर्ज, दस्तऐवज, कायदा आणि 1857 नंतर विद्यापीठाची परीक्षा, यांच्या सोबतीने ती आम्ही शिकलो, आणि म्हणून दिवा 'एक्स्टिंग्विश' करणे व सभा 'पोस्टपोन' करणे आम्हांला 'पुट आउट' आणि 'पुट ऑफ' यांपेक्षा जवळचे वाटू लागले. मोहरांची थैली कमरेला असावी, पण बाजारात भाजी घेण्यापुरता खुर्दा जवळ नसावा, अशी ही संपन्नता होती.

याच अध्ययनाने आपली मायबोलीही आपल्याला नव्याने दिसू लागते. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, झाडाला फळ लागते, बोलणे जिव्हारी लागते, तान्ह्याचा लळा लागतो, थकलेल्या माणसाचा डोळा लागतो आणि गलबत धक्क्याला लागते; हे सारे आपण कोणत्या शाळेत शिकलो? 1831 साली मराठी-इंग्रजी कोश सिद्ध करणाऱ्या मोल्सवर्थ यांच्यासारख्या परकीयाला यांतील एकेक छटा श्रमपूर्वक वेचावी लागली असेल, या विचाराने त्यांच्याविषयीचा आदर दुणावतो.

विद्यार्थ्यांच्या हाती इंग्रजीतील अशा प्रयोगांच्या याद्या देऊन त्या घोकून घेण्याची वहिवाट आता मोडावी, असे मला मनापासून वाटते. नाटकातील संवाद, घरगुती पत्रे, मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टी यांत प्रत्येक जोडी कुणाच्या तरी मुखातून, कुठल्या तरी निमित्ताने आलेली असते, आणि त्या निमित्तासह ती स्मरणात राहते. हे प्रयोग शेतकऱ्यांनी, खलाशांनी आणि लेकुरवाळ्या स्त्रियांनी शतकानुशतके बोलून घडविले आहेत. ज्यांची नावे कोणत्याही दफ्तरात नाहीत, त्या माणसांच्या बोलण्याला जो विद्यार्थी महाकवींच्या काव्याइतकाच मान देईल, त्यालाच ही भाषा खऱ्या अर्थाने बोलता येईल.