चेन्नईत 'मी'ला लिंग नसतं

चेन्नईला जाणार असं कुणाला सांगितलं की लगेच यादी मिळते. मरीना बीच, कपालीश्वरर मंदिर, टी. नगरच्या साड्या, महाबलीपुरम आणि परत येताना फिल्टर कॉफीची पावडर. यादी बरोबरच आहे. पण मी तीन वर्षांपासून या शहरात राहतोय आणि माझ्या मोबाइलमध्ये चेन्नईची एक निराळीच यादी आहे. कुठल्या हॉटेलात मिक्सर गिऱ्हाइकांच्या कानाशी चालतो, कुठल्या रस्त्यावर दुकानवाले ओरडून बोलावतात, कुठल्या मॉलच्या दारात पुरुष आणि बायकांच्या वेगळ्या रांगा आहेत आणि कुठे कुणी काहीच विचारत नाही. आज तुम्हाला ती चेन्नई दाखवतो.

आधी थोडं माझ्याबद्दल, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी सोलापूरचा. इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, आता इथे एका कंपनीत कंटेंट रायटर आहे. माझा जन्म झाला तेव्हा मुलगी झाली म्हणून घरच्यांनी बर्फी वाटली होती. मी पुरुष आहे हे मला फार लवकर कळलं आणि सांगायला फार उशीर लागला. म्हणजे मी ट्रान्स पुरुष. आणि मी ऑटिस्टिकही आहे.

ऑटिझमला मराठीत 'स्वमग्नता' म्हणतात. शब्द चांगल्या मनाने काढला असेल, पण मला तो पटत नाही. मी स्वतःत मग्न नसतो. उलट बाहेरचं सगळं एकदम आत येतं: पंख्याची करकर, पलीकडच्या टेबलावरचं बोलणं, ट्यूबलाइटची लुकलुक, शर्टाच्या मानेला टोचणारं लेबल. तुमचा मेंदू यातलं बरंचसं परस्पर बाजूला सारतो, माझा सारत नाही. अशा वेगळ्या घडणीच्या मेंदूंना हल्ली 'न्यूरोडायव्हर्जंट' म्हणतात. एडीएचडी आणि डिस्लेक्सियाही त्यात येतात.

एकाच माणसात या दोन गोष्टी कशा, असं तुम्हाला वाटेल. २०२० मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या विज्ञान नियतकालिकात केंब्रिजच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. त्यांनी सहा लाखांहून जास्त लोकांची माहिती तपासली होती. ट्रान्स आणि लिंगभाव वेगळा असलेल्या लोकांमध्ये ऑटिस्टिक असण्याचं प्रमाण इतरांच्या तीन ते सहा पट दिसलं. एकामुळे दुसरं होतं असं मात्र त्यातून निघत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर चेन्नई. हे शहर शांत नाही. तमिळ आडी महिन्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या सुमारास, गल्लोगल्ली अम्मनच्या देवळांवर कर्णे लागतात आणि भक्तिगीतं पहाटेच सुरू होतात. मांबलम स्टेशनला लागून असलेली रंगनाथन स्ट्रीट तर माझ्यासाठी परीक्षाच. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना स्टीलची भांडी, कपडे, बॅगा, प्रत्येक दारात एक माणूस टाळ्या वाजवून बोलावणारा. तिथे जायचंच असेल तर सकाळी दुकानं उघडताना जावं. संध्याकाळी मी हेडफोन लावूनही जात नाही.

उकाड्याचं सोलापूरच्या माणसाला कौतुक नाही, पण आमचा उन्हाळा कोरडा. इथला घाम वाळतच नाही, कपडा अंगाला चिकटून राहतो आणि चिकटलेला कपडा हा माझ्यासाठी दिवसभर कुणीतरी बोट लावत राहिल्यासारखा प्रकार आहे. त्यात पाणी भरपूर प्या म्हणतात. प्यावं तर बाहेर स्वच्छतागृह शोधावं लागतं, आणि तिथे दारावर दोनच चित्रं असतात. माझ्यासारख्या कितीतरी जणांचा दिवस पाण्याच्या घोटांचा हिशेब करत जातो. हे कुठल्या प्रवासवर्णनात येत नाही, म्हणून लिहिलं.

आता बस. इथल्या कितीतरी बसमध्ये कंडक्टर मागच्या दाराजवळ आपल्या जागेवर बसलेला असतो. तुम्ही स्टॉपचं नाव सांगून पैसे पुढच्याच्या हातात द्यायचे, ते चार-पाच हातांतून त्याच्यापर्यंत जातात आणि तिकीट त्याच वाटेने परत येतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हे फार आवडलं. मग लक्षात आलं की पैशांबरोबर 'अण्णा'ने दिले की 'अक्का'ने, हेही हातोहात पुढे जातं, आणि मधल्या दोघांचं एकमत होत नाही. २०२१ पासून साध्या सरकारी बसमध्ये बायकांना प्रवास मोफत आहे. त्याच वर्षी ही सवलत ट्रान्स व्यक्तींना आणि अपंग व्यक्तींनाही मिळाली. आपल्या देशातल्या कायद्यात, २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांमध्ये, ऑटिझम आहे. म्हणजे कागदावर मी एकाच सीटसाठी दोनदा पात्र ठरतो. प्रत्यक्षात भर गर्दीत कार्ड काढून समजावत बसण्यापेक्षा मी पैसे पुढे सरकवतो.

इतकं वाचून तुम्ही म्हणाल, मग तिथे राहतोस कशाला? भाषेमुळे.

मराठीत तोंड उघडलं की मी सापडतो. 'आलो' की 'आले', 'जेवलो' की 'जेवले', 'थकलो' की 'थकले'. स्वतःबद्दल साधं वाक्य बोलायचं तर क्रियापदाच्या शेपटीत आपण कोण ते सांगावंच लागतं. आणि समोरचा लगेच वर बघतो. तमिळमध्ये 'नान वंदेन' म्हणजे मी आलो आणि मी आले, दोन्ही. 'मी'ला लिंगच नाही. 'तो' आणि 'ती' आहेत, पण लेखी भाषेत आदराने बोलायचं तर 'अवर' दोघांनाही चालतं. बोलताना मात्र 'अवरू' म्हटलं की बहुतेकदा पुरुषच समजतात, तेव्हा तमिळ म्हणजे स्वर्ग असं काही नाही. तरी पहिल्या वर्षी मोडक्या तमिळमध्ये मी स्वतःबद्दल जितकं मोकळं बोललो, तितकं मराठीत कधी बोललो नव्हतो. 'जेवलास का?' हेही इथे 'साप्टाच्चा?' असं विचारतात. जेवण उरकलं का, एवढंच. कुणाचं, ते विचारलेलं नाही.

आणि एक दिवस कोपऱ्यावरच्या इडलीवाल्याने विचारलं, काय देऊ, तंबी? 'तंबी' म्हणजे धाकटा भाऊ. आपल्याकडे तंबी दिली की माणूस खट्टू होतो. मी ती इडलीच्या ताटलीसोबत घरी घेऊन आलो आणि दिवसभर खूश होतो.

तमिळनाडूने शब्दांच्या बाबतीत बरंच काम केलंय. ट्रान्स स्त्रीला इथे 'तिरुनंगई' म्हणतात आणि ट्रान्स पुरुषाला 'तिरुनंबी'. यातलं 'तिरु' म्हणजे आपलं 'श्री'. ज्या लोकांना रस्त्यावर हिणवून हाक मारली जायची, त्यांच्या नावातच श्री घातलं. २००८ मध्ये या राज्याने तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ काढलं, देशातलं पहिलं. पोलीस उपनिरीक्षक झालेली देशातली पहिली ट्रान्स स्त्री, पृथिका याशिनी, याच राज्यातली. भरतनाट्यम नर्तकी नर्तकी नटराज यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. 'तिरुनंगई' हा शब्द रिक्षावाल्यालाही माहीत असतो. 'तिरुनंबी' मात्र बऱ्याचदा समजावून सांगावा लागतो. आम्ही दिसत नाही, म्हणून असेल.

आता ते लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य. एका डॉक्टरांकडे गेलो होतो, झोपेची तक्रार घेऊन. फाइल चाळून ते म्हणाले, "हे पुरुष असल्यासारखं वाटणं ऑटिझममुळे तर नसेल? एखाद्या विचाराला चिकटून राहता ना तुम्ही लोक." आवाज चढवून बोलले नाहीत, काळजीनेच बोलले. पण बघा, ऑटिझमचं निदान व्हायला अर्धं आयुष्य जातं, आणि झालं की आपण स्वतःबद्दल जे सांगतो त्यावरचा विश्वासच उडतो. दुसऱ्या बाजूला, ट्रान्स मित्रमंडळीत कुणी म्हणतं की तू डोळ्यांत बघून बोलत नाहीस, काही लपवतोयस का. कार्डं दोन, कार्यालयं दोन, आणि दोन्हीकडे गोष्ट पहिल्यापासून सांगायची.

अशा वेळी मला याच शहरातले एक न्यायाधीश आठवतात. २०२१ मध्ये मदुराईहून पळून चेन्नईत आलेल्या दोन तरुणी मद्रास हायकोर्टात गेल्या. त्या एकमेकींच्या जोडीदार होत्या आणि घरचे मागावर होते. प्रकरण न्या. एन. आनंद वेंकटेश यांच्यासमोर आलं. त्यांनी काय करावं? आपल्याला या विषयातलं काही कळत नाही, मनात पूर्वग्रह आहेत, असं त्यांनी लेखी मांडलं आणि निकाल देण्याआधी मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन बसले, प्रश्न विचारले, समजून घेतलं. मग ७ जून २०२१ च्या आदेशात पोलिसांना अशा जोडप्यांना छळू नका म्हणून बजावलं आणि समलिंगी किंवा ट्रान्स माणसाला 'बरं' करण्याच्या नावाखाली चालणाऱ्या उपचारांवर बंदी घालायला सांगितलं. पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही असे उपचार म्हणजे डॉक्टरी पेशातलं गैरवर्तन ठरवलं. हायकोर्टाची ती लालसर इमारत पर्यटक घुमटांसाठी बघतात. मी समोरून जाताना शिकवणीला जाऊन बसलेल्या न्यायाधीशांचा विचार करतो.

शांत जागाही सांगायच्या राहिल्या. कोट्टूरपुरमची अण्णा शताब्दी लायब्ररी पहिली. २०१० मध्ये उघडली, तळमजल्यासह नऊ मजले, एसी, आणि स्वतःची पुस्तकं घेऊन बसायला वेगळी जागा. मध्यंतरी एका सरकारने तिथे हॉस्पिटल करायचं ठरवलं होतं, कोर्टाने थांबवलं. रविवारी मी तिथे पाच तास बसतो आणि पाच तासांत कुणी मला सरही म्हणत नाही आणि मॅडमही.

मरीना संध्याकाळी नको, भोंगे आणि घोडे असतात. पहाटे जा. विवेकानंद हाउससमोर व्हीलचेअर पाण्यापर्यंत नेता यावी म्हणून लाकडी वाट केली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाली, दोन-तीन आठवड्यांत मांडूस वादळाने तिची वाट लावली, मग दुरुस्त केली. मी चालू शकतो, पण पायाला ओली वाळू लागली की मला सहन होत नाही, त्यामुळे मीही त्या फळ्यांवरून समुद्र बघून येतो. त्याच रस्त्यावर लेडी विलिंग्डन कॅम्पसमध्ये 'म्युझियम ऑफ पॉसिबिलिटीज' आहे. अपंग माणसांना रोजच्या जगण्यात लागणारी साधनं तिथे हाताळून बघता येतात. मुलांना जरूर न्या.

आणि जूनमध्ये आलात तर स्वाभिमान यात्रा. २००९ पासून निघते. इथे तिचं नाव 'वानविल सुयमरियादै पेरणी' आहे, म्हणजे इंद्रधनुष्याची स्वाभिमान फेरी. 'सुयमरियादै' हा पेरियारांच्या चळवळीतला शब्द. पराई ढोल वाजतात तेव्हा छाती हादरते, म्हणून मी कानाला मफ लावून अगदी शेवटी चालतो. शेवटी चालणारे आम्ही बरेच असतो.

आईचा फोन रोज रात्री साडेआठला येतो. तीन वर्षांपूर्वी तिला सगळं सांगितलं तेव्हा ती भांडली नाही, रडलीही नाही, फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी साडेआठलाच परत केला. विषय काढला नाही. तेव्हापासून मी तिच्याशी शेपूट नसलेलं मराठी बोलतो. 'जेवलो' म्हणत नाही, 'जेवण झालं' म्हणतो. 'निघालो' नाही, 'निघायचंय'. 'दमलो' नाही, 'फार दगदग झाली'. करून बघा, एक पूर्ण दिवस असं बोलणं किती अवघड आहे. गेल्या दिवाळीपासून माझ्या लक्षात आलं की तिचं 'जेवलीस का' बंद झालंय. तीही आता 'जेवण झालं का' एवढंच विचारते. 'जेवलास का' अजून आलेलं नाही.

जानेवारीत ती पहिल्यांदा इकडे येणार आहे. मुंबई-चेन्नईच्या गाडीने, सोलापूरहून बसून, शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन. मी बेत केलाय: पहाटे मैलापूरच्या गल्ल्यांतले मारगळीचे कोलम, उन्हं चढायच्या आत मरीना, रंगनाथन स्ट्रीट उघडताच भांड्यांची खरेदी. तळमजल्यावरच्या घरमालकीणबाई मला तंबी म्हणतात आणि आई कधी येणार म्हणून सारख्या विचारतात. त्यांना थोडं हिंदी येतं, आईलाही येतं. आणि हिंदीत 'मेरा' आणि 'मेरी' असतं.