ओवीची संहिता आणि हरवलेले तेरा तुकडे

मौखिक साहित्य नाशवंत असते आणि एकदा त्याचे ध्वनिमुद्रण झाले की ते टिकते, असे आपण वर्गात सहज सांगून जातो. या विधानाचा दुसरा अर्धा भाग तपासून पाहण्याची वेळ आमच्यावर आली. निलंगा तालुक्यातील एका गावी २०१३ साली आम्ही एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या संगणकावर मुद्रित केल्या होत्या. मुद्रण सलग ४२ मिनिटांचे होते. २०१५ मध्ये आजी गेल्या. २०१६ मध्ये ज्या हार्ड डिस्कवर त्या ओव्या होत्या ती निकामी झाली, आणि दुसरीकडे ठेवलेली प्रतही तिच्याआधीच वाचता येईनाशी झालेली होती. पुढचा हिवाळा त्या मुद्रणाची दुरुस्ती करण्यात गेला. हे काम तांत्रिक आहे अशा समजुतीने आम्ही बसलो होतो; प्रत्यक्षात विद्यार्थ्यांना पाठचिकित्सा या नावाखाली जे शिकवतो, तेच सगळे प्रश्न एकेक करून समोर येत गेले.

जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनाचे मोठे काम आपल्याकडे झालेले आहे. गी पॉयट्वाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पातून महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतल्या लाखाच्या वर ओव्या गोळा झाल्या, बर्नार्ड बेल यांनी त्यांतील कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या, आणि 'पारी' या संकेतस्थळाने २०१७ पासून त्या क्रमाने प्रकाशित केल्या. मराठवाड्यापुरते बोलायचे तर माजलगावच्या भीमनगरातील बायांनी १९९६ साली गाइलेल्या ओव्या त्यात आहेत. या डोंगरापुढे आमची ४२ मिनिटे म्हणजे खडाच. पण निलंग्याच्या बाजूची बोली त्या खड्यात होती. पलीकडे बीदर, १९४८ पर्यंत सारा मुलूख निजामाच्या राज्यात. त्यामुळे इथल्या बायकांच्या तोंडी मराठीला कानडीचे हेल आणि उर्दूचे शब्द सहज लागतात. ते कागदावर उतरवता येत नाहीत. आजींची ओवी वहीत लिहून घेतली तरी आजींचा 'ळ' वहीत येत नव्हता.

आजींना जात्याशिवाय ओवी आठवत नसे. नुसते बसून म्हणा म्हटले की दोन ओळींवर त्या थांबत. म्हणून पसाभर ज्वारी घेऊन त्या खरोखरच दळायला बसल्या, आणि मुद्रणात ओवीइतकीच जात्याची घरघर आली. त्या वेळी ही घरघर आम्हाला अडचण वाटली होती. पुढे तिचाच आधार झाला.

आता थोडे त्या फाइलीविषयी. आम्ही वापरलेल्या 'ऑडॅसिटी' या मुक्त प्रणालीत त्या काळी मुद्रणाचे दोन भाग पडत. एक छोटी प्रोजेक्ट फाइल आणि तिच्याच नावाचे एक फोल्डर. सगळा आवाज त्या फोल्डरात असे, पण सलग नव्हे. सुमारे सहा-सहा सेकंदांचे तुकडे करून ठेवलेला. प्रोजेक्ट फाइलमध्ये आवाजाचा अंशही नसे. कोणत्या तुकड्यानंतर कोणता तुकडा, एवढेच तीत लिहिलेले. पोथीची उपमा द्यायची तर पाने एकीकडे आणि पृष्ठांक दुसरीकडे. तुकड्यांच्या नावांवरून क्रम खात्रीने कळत नाही. तो कळतो प्रत्येक तुकडा केव्हा लिहिला गेला त्या वेळेवरून. (२०२१ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही विभागणी गेली आणि सगळे एकाच फाइलीत राहू लागले.)

निकामी डिस्कवरून जे हाती आले त्यात प्रोजेक्ट फाइल रिकामी होती. फोल्डरातले ४११ तुकडे शाबूत होते, पण त्या सगळ्यांवर ते डिस्कवरून काढले गेले त्या दिवसाची तारीख पडली होती. म्हणजे पृष्ठांक गेले, आणि ज्यावरून ते पुन्हा लावावेत ती खूणही गेली. ४२ मिनिटांचे एकेरी मुद्रण म्हणजे ४२४ तुकडे व्हायला हवेत. तेरा कमी होते. सुमारे सव्वा मिनिट.

आमच्याजवळ एक वही होती. मुद्रण चालू असताना प्रत्येक ओवीचे पहिले दोन-तीन शब्द आणि घड्याळातले मिनिट-सेकंद तीत टिपले होते. हीच आमची दुसरी प्रत. तिच्या आधाराने तुकड्यांचे ढोबळ गट पडले. गटातला क्रम मात्र कानाने लावावा लागला. शब्द मध्येच तुटलेला तुकडा त्याचा उरलेला अर्धा भाग शोधत असे. शब्द नसेल तेथे जाते कामाला येई: हात पुढे जाताना दगडाचा आवाज जड, मागे येताना हलका, अर्धा फेरा एका तुकड्यात आणि उरलेला दुसऱ्यात. घास घालताना पडणारा खंड, अंगणात ओरडलेली कोंबडी, शिवारातून येणारा ट्रॅक्टर, हे सगळे साक्षीदार.

शेवटचा निवाडा आलेखाचा. आवाजाची रेघ पडद्यावर खूप मोठी करून पाहिली तर खऱ्या शेजाऱ्यांच्या टोकांना टोक मिळते. खोट्या शेजाऱ्यांमध्ये पायरी दिसते आणि ऐकताना बारीकसा 'टक' होतो. आजी पहिली ओळ दोनदा घोळवत. त्यामुळे कित्येक ठिकाणी दोन तुकडे कोणत्याही क्रमाने ठेवले तरी अर्थ लागत असे. किंबहुना एका ठिकाणी ज्या क्रमाने अर्थ अधिक चांगला लागत होता त्याच क्रमाला 'टक' होत होता. अर्थ लागतो म्हणून पाठ खरा ठरत नाही, हे पाठचिकित्सेतले जुने सूत्र आम्ही अनेक वर्षे फळ्यावर लिहीत आलो. त्या दिवशी ते कानांनी ऐकले.

हरवलेल्या तेरापैकी नऊ तुकडे सुटे होते. कुठे ओवीचा शेवट गेला, कुठे नुसतीच घरघर. चार मात्र सलग गेले होते, चोवीस सेकंद, आणि ते भूकंपाच्या ओव्यांमध्ये.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी औसा तालुक्यात. निलंग्याच्या कितीतरी घरांची सोयरीक त्या बाजूला. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची धाबी झोपेतल्या माणसांवर आली. आजींची धाकटी बहीण त्यात गेली. मुद्रणात तिला आजी बोलावतात, उंबऱ्यापर्यंत येतात, आणि तेथे आवाज तुटतो. चोवीस सेकंदांनंतर जाते चालू आहे आणि माती उपसण्याची ओवी निम्म्यावर आली आहे. बहिणीचे नाव त्या चोवीस सेकंदांत होते. वहीत त्या ओवीचे पहिले शब्द आहेत, नाव नाही.

जोडलेले मुद्रण ऐकवायला आम्ही आजींच्या घरी गेलो तेव्हा त्यांच्या सुनेने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाल्या, "मला येती की ती ओवी. पर माझी चाल आईची हाय, आत्याबाईची न्हाई." घेता का म्हणून, असेही त्यांनी विचारले.

आमच्यात यावरून मतभेद झाला. एका मित्राचे म्हणणे असे की सुनेचा आवाज त्या मोकळ्या जागी बसवावा. ओवी कोणा एकीची नसते, ज्या बाईच्या हाती जात्याचा खुंटा तिची ती ओवी, आणि सासूची तुटलेली ओवी सुनेने पुरी करणे यापेक्षा परंपरा म्हणजे दुसरे काय? हा मुद्दा खोडून काढण्याजोगा नव्हता. तंत्राच्या दृष्टीनेही काम सोपे होते. जात्याची घरघर आमच्याकडे मुबलक होती. सांधा कोणाच्या लक्षात आला नसता.

जुन्या मराठीने हा प्रश्न दोन प्रकारे हाताळलेला आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यापुढे तीत कोणी आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले. मधल्या तीन शतकांत कोणाकोणाची ओवी तीत शिरली होती, हे मात्र त्या शुद्ध प्रतीवरून आपल्याला कळत नाही. महानुभावांची रीत निराळी. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली लीळाचरित्राची मूळ पोथी धामधुमीत नष्ट झाली आणि शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते. स्मरणे एकसारखी नव्हती. तेव्हा लीळेच्या मध्येच हिराइसेचा पाठ असा, रामेश्वरबासांचा असा, शोधात आढळले ते असे, अशा नोंदी येतात. वाचणाऱ्याला त्या अडतात. पण पोथी कोठे फाटली आणि कोणी शिवली हे त्या लपवत नाहीत.

आम्ही महानुभावांच्या बाजूने गेलो. ओवी आणि ओवीचे ध्वनिमुद्रण या दोन वस्तू आहेत, हे त्या वादातून आम्हाला स्पष्ट झाले. ओवी सुनेने म्हटली तर ती पुरी होते, त्यात खोटे काहीच नाही. मुद्रण मात्र एका दुपारची, एका गळ्याची साक्ष आहे. त्यात दुसरा गळा बेमालूम मिसळला की साक्ष उरत नाही. म्हणून चोवीस सेकंद मोजून मोकळे ठेवले, सुट्या नऊ जागाही तशाच ठेवल्या, आणि प्रत्येक ठिकाणी लेबल लावले: येथे इतके तुकडे नाहीत. सुनेची ओवी दुसऱ्या ट्रॅकवर, वेगळ्या तारखेने घेतली.

ती घेताना एक गोष्ट घडली. जेथे बहिणीचे नाव यायचे तेथे सुनेने आजींचेच नाव घेतले. आम्ही विचारले तेव्हा त्यांना त्यात विचारण्यासारखे काही वाटले नाही. आता गेलेले माणूस आत्याबाई आहेत, तर नाव त्यांचे. वीस वर्षांपूर्वीच्या शोकाची ओवी अशी नव्या शोकाकडे सरकली होती. ती मोकळ्या जागी बसवली असती तर आजी स्वतःच्याच आवाजात स्वतःच्या मरणाला रडताना ऐकू आल्या असत्या, आणि दहा वर्षांनी कोणा अभ्यासकाने त्यावर निबंध लिहिला असता.

बहिणीचे नाव गावात विचारून मिळू शकले असते. घरात तर ते ठाऊक होतेच. आम्हीही ते पुढे ऐकले. पण आजींनी ओवीत तेच नाव घेतले, की लाडाचे, की माहेरचे, हे कोणाला सांगता आले नाही. म्हणून लेबलात ते लिहिले नाही.

या मुद्रणाच्या आता चार प्रती आहेत, सलग साध्या ध्वनिफाइलीच्या रूपात, जिला तुकड्यांचा क्रम सांगणाऱ्या दुसऱ्या फाइलीची गरज लागत नाही. वहीची छायाप्रतही सोबत आहे. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना ते आम्ही ऐकवतो आणि लिहून काढायला सांगतो. चोवीस सेकंदांशी आल्यावर सगळे थांबतात. कोणी टिंबे देतात, कोणी ओळ मोकळी सोडतात, कोणी कंसात 'खंडित' लिहितात. एका मुलीने तेथे फक्त 'जाते' असे लिहिले. त्या जागी जातेही ऐकू येत नाही, हे तिच्या लक्षात आणून दिले तेव्हा ती म्हणाली, पण ते चालू होते. या उत्तराला गुण किती द्यावेत यावर आमच्यात अजून एकमत नाही.